रस्त्याखालच्या पाण्याला साथ कशी करायची

पहाटे पावणेपाचला पेठेतल्या गल्लीत कुणी जागं नसतं. एका वाड्याच्या दारातल्या नळातून आधी नुसती हवा फुसफुसते, मग खोकल्यासारखे दोन-तीन उमाळे येतात आणि मग धार लागते. पाणी आलं, असं आपण म्हणतो. पण ते त्याआधी काही मिनिटं रस्त्याखालून येत असतं, आणि येताना ऐकू येत असतं. व्हॉल्व्हच्या लोखंडी झाकणापाशी उकिडवं बसलं तर आधी बारीक शीळ येते, मग ती घरघरीत विरघळते, आणि शेवटी एक भरीव, जवळजवळ न हलणारा सूर उरतो. त्या सुरावर पहिल्यांदा षड्ज, म्हणजे सा, लावला तेव्हा अंगावर काटा आला होता. मैत्रीण शेजारी टॉर्च धरून उभी होती. दोघी कितीतरी वेळ काही बोललो नाही.

तेव्हापासून पुण्यात आम्ही दोघी-तिघी हेच करतो. रस्त्यांखाली, स्लॅबखाली, जाळ्यांखाली दडलेलं पाणी शोधायचं, ते ऐकायचं आणि तिथेच, उघड्यावर, त्याच्याबरोबर गायचं-वाजवायचं. बरेच जण विचारतात की सुरुवात कशी करायची, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पाणी मुख्य कलाकार आहे आणि आपण साथीला बसलो आहोत. नवीन माणूस बहुतेक वेळा उलटं करतो. पाण्याचा आवाज रेकॉर्ड करतो, घरी नेतो आणि आपल्या संगीतामागे पडद्यासारखा टांगतो. त्यात वाईट काही नाही, पण ते वेगळं काम झालं. इथे आपण पाण्याच्या दारी जातो, त्याची लय आणि त्याचा सूर धरतो, आणि ते थांबलं की आपणही थांबतो.

पाणी कुठे दडलंय

पहिले दोन आठवडे फक्त शोधण्यात घालवा. प्रत्येक शहरात दडलेलं पाणी असतं आणि ते स्वतःच्या खुणा ठेवतं. पूल आहे पण खाली नदी दिसत नाही, नावात ओढा, झरी, हौद, आड किंवा बाव आहे, दर पावसाळ्यात तोच चौक तुंबतो, डांबरी रस्त्याच्या कडेला एकटाच जुना उंबर उभा आहे. विहीर खोदणारे उंबर बघून पाण्याचा अंदाज बांधत आले आहेत, आपणही बांधावा.

पुण्यापुरतं बोलायचं तर सुरुवात कात्रजपासून करावी. अठराव्या शतकाच्या मध्यात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारी दगडी नळयोजना बांधली गेली. पाणी जमिनीखालच्या बांधीव मार्गाने, नुसत्या उताराच्या जोरावर शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत यायचं. वाटेत ठरावीक अंतरावर जमिनीवर डोकं काढणारे छोटे मनोरे बांधले होते, हवा खेळती राहावी आणि आत उतरून गाळ काढता यावा म्हणून. त्यांचं नाव उच्छ्वास. पाण्याच्या वाटेला श्वास सोडायची जागा हवी हे ज्यांना सुचलं आणि त्या जागेला ज्यांनी हे नाव दिलं, त्यांना पाणी ऐकू येत असणार, असं मला मनापासून वाटतं. ती योजना आज सलग राहिलेली नाही, बरीच बांधकामांखाली गेली. पण बदामी हौद, काळा हौद, साततोटी हौद, फडके हौद ही नावं अजून रोजच्या बोलण्यात आहेत, आणि नाव टिकलंय तिथे जाऊन कान द्यायला काहीच लागत नाही.

दुसरी जागा आंबिल ओढा. कात्रजच्या बाजूने येऊन सहकारनगर, दांडेकर पूल करत मुठेला मिळणारा हा ओढा कुठे उघडा आहे, कुठे भिंतींमध्ये दाबलेला, कुठे स्लॅबखाली. पेशवाईत त्याचा प्रवाह वळवला गेला, त्यामुळे शहराच्या जुन्या नकाशात तो वेगळ्याच वाटेने जातो. तिसरी नागझरी, जी पूर्वेकडच्या पेठांमधून दारूवाला पुलाखालून जाते. चौथं म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या दाबाच्या वाहिन्या. त्या सगळीकडे आहेत आणि ऐकायला सगळ्यांत सोप्या आणि सुरक्षित आहेत. तुम्ही छत्रपती संभाजीनगरात राहत असाल तर तुमच्याकडे याहून मोठा खजिना आहे. सतराव्या शतकात मलिक अंबरने घातलेली नहर, तिचे बंबे (वाटेतले पाण्याचे मनोरे), आणि पाणचक्कीत भिंतीच्या उंचीवरून हौदात पडणारं पाणी. ते पडणारं पाणी दिसतं. त्यामागचा डोंगरापासूनचा प्रवास दिसत नाही, पण आवाजात असतो.

माणसांना विचारा. नकाशापेक्षा पहाटेचे दूधवाले, सोसायटीचे वॉचमन, झाडणकाम करणाऱ्या बायका आणि व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस यांना जास्त माहीत असतं. आमच्या भागातल्या व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या काकांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "ताई, कंप्लेंट आहे का?" नाही, आवाज ऐकायचाय, म्हटल्यावर ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "मग त्या कोपऱ्यावरचा ऐका. तो रडतो." खरंच रडतो तो.

जे कधीच करायचं नाही

हा भाग गाळून पुढे जाऊ नका.

झाकण उघडायचं नाही. जाळी उचलायची नाही. गटारात, बंदिस्त नाल्यात, उच्छ्वासात किंवा जुन्या टाकीत उतरायचं नाही, डोकंसुद्धा आत घालायचं नाही. सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घ्यायची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं, आणि प्रत्यक्षात तेव्हा तो जिवावर आलेला असतो. या देशात गटार साफ करायला उतरवलेली माणसं आजही अशीच मरतात. २०१३ च्या कायद्याने तसं उतरवायला मनाई आहे, तरी मरतात. गंमत म्हणून त्याच भोकात उतरणं मला त्यांच्यासमोर लाजिरवाणं वाटतं.

दुसरं, पाऊस. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला अचानक लोंढा आला, घरं आणि गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. पाऊस तुमच्या डोक्यावर नसला तरी कात्रजच्या डोंगरावर असू शकतो. वर ढग दाटलेले दिसले की ओढ्याच्या पात्राजवळचं काम बंद. साचलेल्या पाण्यातून चालत जाऊन आवाज घ्यायचा नाही. मुंबईत २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एक नामवंत डॉक्टर पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टो तापाचं मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. पायाला साधी जखम असली तरी घाण पाण्यापासून लांब राहा.

तिसरं, एकटं जायचं नाही. दोघं हवेत, कारण कान खाली असलेल्या माणसाला मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. एकाने ऐकायचं, एकाने रस्ता बघायचा. अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट घाला.

काही न नेता ऐका

उपकरणं अजून नकोत. एक वही, पेन्सिल आणि सेकंद दाखवणारं घड्याळ पुरे. वेळ पहाटे साडेचार ते सहा. रहदारीचा गडगड खालच्या पट्टीत असतो आणि पाण्याचा भरीव भागही तिथेच, त्यामुळे पहिली बस सुरू झाली की अर्धं संगीत झाकलं जातं.

एका जागी वीस मिनिटं बसा. पहिली पाच मिनिटं फक्त 'खळखळ' ऐकू येते. मेंदू ओळखीचं नाव लावतो आणि मोकळा होतो. आठव्या-नवव्या मिनिटाला ते नाव गळतं आणि आत वेगवेगळे आवाज दिसू लागतात. तळाशी एक सलग घुमारा, मधे बुडबुड्यांची बडबड, वर कुठेतरी एकच थेंब.

बुडबुड्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पाण्याचा बराचसा स्वर त्यांचाच असतो. पाण्यात अडकलेली हवा आकुंचन-प्रसरण पावत वाजते, आणि बुडबुडा जितका लहान तितका सूर वरचा. मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये त्याचं गणित मांडलं. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३३०० हर्ट्झला वाजतो आणि एक सेंटीमीटरचा ३३० ला, म्हणजे हार्मोनियमच्या पांढरी तीन या पट्टीच्या आसपास. नळाच्या थेंबाचा 'टप्' सुद्धा थेंब आपटल्याचा नसतो. केंब्रिज विद्यापीठातल्या अभियंत्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की थेंबाखाली अडकलेला हवेचा बारीक बुडबुडा थरथरतो आणि पाण्याचा पृष्ठभाग हलवतो, त्यातून तो आवाज येतो. बादलीत भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाका, टपटप जवळजवळ गप्प होते. हा प्रयोग आजच करा. यानंतर पाणी वेगळं ऐकू येतं.

आता थेंब मोजा. आमच्या एका जाळीखाली जानेवारीत दोन ठिकाणी थेंब पडतात, एक तीन सेकंदांनी आणि दुसरा चारांनी. दोघे आपापल्या चालीने चालतात आणि बारा सेकंदांनी एकदम पडतात. बारा मात्रांचं आवर्तन, आणि सम (आवर्तनाची पहिली मात्रा) कुणी शिकवलेली नाही. पहिल्यांदा ते लक्षात आलं तेव्हा मी वहीत फक्त 'एकताल' एवढंच लिहिलं होतं. थेंब कायम इतके शहाणे वागत नाहीत. तासाभरात चार सेकंदांचे साडेचार होतात आणि सम दूर पळते. ते पळणंही मोजा, कारण पुढे त्याच्याबरोबर चालायचं आहे.

वहीत प्रत्येक जागेसाठी तारीख, वेळ, आदल्या दिवशीचा पाऊस, सलग सूर आहे का, थेंबांचं अंतर आणि वर काय वाजतं (पंप, मंदिराची घंटा, कुत्री) एवढं टिपा. महिनाभराने हीच वही तुमची बंदिशींची वही होते.

घरचा रियाज: उलटा माठ

जपानमध्ये एदो काळापासून बागांमध्ये एक वाद्य पुरतात, त्याला सुईकिनकुत्सू म्हणतात. बुडाला भोक असलेलं मातीचं भांडं जमिनीत उलटं पुरायचं. वरून पाणी झिरपतं, थेंब आतल्या उथळ पाण्यात पडतो आणि पोकळीत घंटेसारखा घुमतो. बाहेरून काहीच दिसत नाही. गच्चीवर किंवा अंगणात हे करून बघायला दोनशे-तीनशे रुपयांचा माठ पुरतो.

कुंभाराकडून जाड, नीट भाजलेला, टिचकी मारल्यावर खणखणणारा माठ घ्या. बुडाच्या मध्यावर टाइलसाठीच्या ड्रिलने, पाणी सोडत सोडत, सावकाश भोक पाडा. बोटभर रुंद पुरे. घाई केली की माठ तडकतो, माझे पहिले दोन तसेच गेले. एका पसरट घमेल्यात गोटे पसरा, मधोमध थाळी ठेवून तिच्यात दोन-तीन सेंटीमीटर पाणी ठेवा आणि त्यावर माठ उपडा. भोकाभोवती ओलं फडकं गुंडाळून त्यावर पेलाभर पाणी सोडा. थेंब भोकाच्या कडेवरून सुटायला लागला की माठाला कान लावा. आतलं पाणी वाढवलं की पोकळी लहान होते आणि सूर बदलतो. कळशी भरत आली हे आजीला पाठ फिरवून कळायचं, ते याच कारणाने. हवेची जागा कमी होत जाते आणि आवाज चढत जातो.

या माठाबरोबर रोज दहा मिनिटं गुणगुणा. तुमचा आवाज थेंबाला झाकणार नाही इतका लहान ठेवायला इथे शिका. बाहेर गेल्यावर हेच सगळ्यांत अवघड जातं.

पाईपचा तानपुरा

आमचं मुख्य वाद्य हेच. दोन इंची पीव्हीसी पाईपचा एक तुकडा.

दोन्ही तोंडं उघडी असलेला पाईप पाण्याच्या आवाजापाशी धरला की तो त्या कोलाहलातून आपल्या लांबीला जुळणारे सूर तेवढे उचलतो. खळखळीतून अचानक तानपुरा वाजायला लागल्यासारखं होतं. उपमा वाटते, पण आत खरोखर तेच घडतं. उघड्या पाईपात षड्ज, वरचा षड्ज, पंचम, तार षड्ज आणि त्यावरचा गंधार हे क्रमाने असतातच. तानपुऱ्यातला स्वयंभू, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा, गंधार गटाराच्या जाळीतून ऐकू येतो, आणि तो आला की नवीन माणसाचा चेहरा बदललेला मी दर वेळी बघते.

लांबी काढायचं गणित सोपं आहे. हवेतला आवाजाचा वेग तीस अंशांना साधारण ३४९ मीटर प्रति सेकंद. त्याला हव्या त्या सुराच्या दुप्पट कंपनसंख्येने भागा आणि दोन इंची पाईपसाठी उत्तरातून तीन सेंटीमीटर वजा करा, कारण तोंडाबाहेरची थोडी हवाही वाजते. पुरुषाचा षड्ज काळी एक असेल तर १२३ सेंटीमीटर. पांढरी तीनची बासरी असेल तर खालच्या सप्तकातल्या सुरासाठी १०३. मी काळी चारला गाते, माझा पाईप ८१ सेंटीमीटरचा आहे.

जानेवारीच्या पहाटे तापमान पंधरा अंशांच्या खाली जातं, आवाजाचा वेग घटतो आणि पाईप श्रुतीभर उतरतो. म्हणून पाईप मापापेक्षा थोडा आखूड कापा आणि एका तोंडावर जाड पुठ्ठ्याची घट्ट बसणारी नळी चढवा. ती पुढे-मागे सरकवून जागेवर सूर मिळवता येतो. हॅक्सॉने कापल्यावर कडा कानसीने घासून घ्या, कान लावायचा आहे.

पाईपचं एक तोंड जाळीच्या वर चार बोटं ठेवा, जाळीला टेकवू नका. दुसऱ्या तोंडापासून कान बोटभर लांब ठेवा. कान घट्ट दाबला तर ते तोंड बंद होतं आणि सूर जवळजवळ सप्तकभर खाली उतरतो, खर्जात. हा दोष नाही, वापरता येतो. आमची मैत्रीण कान लावते-काढते आणि त्याच पाण्यातून षड्ज-खर्ज असा झोका घेते. पण तो तिलाच ऐकू येतो. इतरांसाठी पाईपच्या तोंडाशी छोटा माइक ठेवून हेडफोन वाटावे लागतात.

दोन-तीन पाईप वेगवेगळ्या लांबीचे केले की एकाच जाळीतून षड्ज आणि पंचम दोन्ही मिळतात. पंचमाचा पाईप षड्जाच्या दोन-तृतीयांश.

लोखंडातून ऐकणं

हे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात करा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात २७ मिलिमीटरची पितळी पिझो चकती (थरथर विजेत बदलणारी) दहा-वीस रुपयांना मिळते. तिला शिल्डेड केबल जोडायची. मधली तार पांढऱ्या भागाला, बाहेरची जाळी पितळेला. पांढऱ्या भागाला सोल्डर झटकन करा, उष्णता जास्त वेळ राहिली तर थर निघून येतो. वरून इपॉक्सीचे दोन हात, म्हणजे ओलाव्याची भीती नाही. ही चकती पुलाच्या कठड्याला, इमारतीच्या पाण्याच्या पाईपला किंवा हौदाच्या दगडाला चिकटपट्टीने लावली की हवेतलं काही न येता धातूतून आणि दगडातून चाललेलं पाणी ऐकू येतं.

चकती थेट रेकॉर्डरला जोडली तर आवाज पातळ, पत्र्यासारखा येतो आणि खर्ज गायब होतो. तिला खूप जास्त रोधाचा इनपुट लागतो. गिटारच्या पिकअपसाठी मिळणारा छोटा प्रीअँप (क्षीण आवाज वाढवणारी डबी) मधे जोडा, काम होतं.

तीच चकती स्वच्छ हौदात किंवा गच्चीवरच्या टाकीत बुडवली की ती पाण्यातला माइक होते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १४८० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. म्हणून पाण्याखाली ऐकताना दिशा कळत नाही, सगळं डोक्याच्या आत वाजतंय असं वाटतं. जाळीतून तार खाली सोडू नका. ती अडकते, आणि अडकलेली तार म्हणजे पुढच्या पावसातला कचऱ्याचा बोळा.

रेकॉर्डिंग फोनवर केलं तरी चालेल, पण फोन सलग आवाजाला गोंगाट समजून दाबून टाकतो. आवाज शुद्ध करणारी सेटिंग बंद करता येईल असं अ‍ॅप वापरा आणि डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये, म्हणजे आवाज न दाबता, साठवा.

साथ

आता वाजवायचं. कोणतं वाद्य हवं, तर ज्याला हळू बोलता येतं ते. बासरी, आवाज, तुणतुणं, जलतरंगाचे दोन-तीन वाडगे, घट. हार्मोनियम मी टाळते, तिचे सूर ठरलेले असतात आणि पाणी ठरल्या सुरात राहत नाही. अ‍ॅम्प्लिफायर नकोच.

पहिल्या दहा बैठकांसाठी आमचे नियम असे. आल्यावर पहिली आठ-दहा मिनिटं कुणी वाजवायचं नाही. मग एकाने पाईपमधला षड्ज धरायचा, फक्त धरायचा. त्यानंतर एका वेळी एक स्वर, आणि दोन स्वरांमध्ये निदान तीन थेंबांचं अंतर. पाण्यात बदल झाला, कुणी वरच्या मजल्यावर मोरी सोडली, टाकी भरून वाहू लागली, की सगळ्यांनी थांबून तो बदल पूर्ण ऐकायचा आणि मगच परत यायचं. राग आधी ठरवायचा नाही. पाईपातून गंधार स्पष्ट येत असेल तर भूप किंवा यमनाकडे पावलं आपोआप वळतात. जिथे पंचम झाकलेला असतो तिथे मी मारवा, ज्यात पंचम नसतोच, गाऊन बघितला आहे, आणि उजाडण्याआधी संध्याकाळचा राग गायल्याबद्दल माझ्या गुरुजींनी ऐकवलेले बोलही मला मान्य आहेत. तरी त्या जाळीला तोच राग हवा होता.

घुमारा मिळाला की मोह होतो. १९८८ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात संगीतकार पॉलीन ऑलिव्हेरोस आणि तिचे साथीदार फोर्ट वर्डनच्या रिकाम्या भूमिगत टाकीत उतरून वाजवत होते. तिथे एक स्वर पंचेचाळीस सेकंद घुमायचा. त्यांनी केलं ते असं की स्वर सोडायचा आणि तो परत येईपर्यंत वाट बघायची, आपलाच जुना स्वर नव्याचा साथीदार. आपल्याकडच्या पुलाखाली दोन-तीन सेकंदांचा घुमारा मिळतो. तेवढ्यातही हीच शिस्त लागते. घुमारा संपल्याशिवाय पुढचा स्वर नाही.

दर बैठकीनंतर तिथेच उभं राहून एकेक वाक्य बोलायचं, पाण्याने काय केलं याबद्दल. मी काय वाजवलं याबद्दल नाही.

लोकांना बोलवायचं तेव्हा

निदान तीन महिने एका जागेशी ओळख झाल्यावर बोलवा, आणि बारा-पंधरा जणांपेक्षा जास्त नको. आधी ज्यांच्या खिडकीखाली बसणार त्यांना भेटा. त्यानंतर क्षेत्रीय कार्यालय आणि पोलीस चौकीत लेखी कळवा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक लावता येत नाही. आपण लावणारच नाही, तरी नियम माहीत असावा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असू शकतं, तिथली जागा निवडू नका. श्रोत्यांना पाईप हातात द्या. नुसतं बसवून ठेवलं तर त्यांना फक्त आपण ऐकू येतो.

आमचा पहिला जाहीर कार्यक्रम फसला तो माझ्या चुकीने. मी गुरुवार ठरवला. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवायची पद्धत जुनी आहे, आणि त्या आठवड्याची सूचना मी वाचलीच नव्हती. चौदा माणसं पहाटे व्हॉल्व्हच्या झाकणाभोवती बसली आणि खालून काहीच आलं नाही. मी माफी मागितली. एक आजोबा म्हणाले, "उद्या या. उद्या उशिरा आणि कमी दाबाने येईल." ते वाक्य सगळ्या पुण्याला पाठ आहे. आम्ही शुक्रवारी परत गेलो, चौदातले नऊ जण आले. रिकाम्या झालेल्या वाहिन्यांमध्ये रात्रभर हवा भरलेली होती, आणि पाणी ती ढकलत येत होतं. एरवी चार-पाच मिनिटांत उरकणारी शीळ त्या दिवशी पंचवीस मिनिटं चढत-उतरत राहिली. मध्येच पूर्ण थांबायची, मग दुसऱ्याच झाकणातून यायची, आणि माणसं पाईप घेऊन तिच्यामागे गल्लीभर हळूहळू चालत होती. तेव्हापासून आम्ही पाणीबंदीनंतरचा शुक्रवारच निवडतो.

लंडनमध्ये क्लार्कनवेल भागात रे स्ट्रीटवर एका जाळीतून झाकलेली फ्लीट नदी ऐकू येते, आणि लोक मुद्दाम वाट वाकडी करून तिथे थांबतात. नागझरीवरून रोज हजारो माणसं जातात. दारूवाला पुलाच्या कठड्याला चकती लावून तीन जणांना हेडफोन दिले, तर त्यातला एक तरी म्हणतो की लहानपणापासून इथे राहतो, पण खाली काही वाहतं असं डोक्यातच नव्हतं. एवढ्या एका वाक्यासाठी मी कितीही वेळा पहाटे उठेन.

कार्यक्रम झाला की पाईप, पट्ट्या, वायर, चहाचे कप सगळं उचला, आणि जाळीवर अडकलेला पाला-प्लास्टिकही हातमोजे घालून बाजूला करा. पाण्याचा आवाज त्याने लगेच मोकळा होतो, फरक कानाला कळतो.

मग वळवाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर, आकाश मोकळं झालं की, जानेवारीतल्या त्याच जाळीपाशी परत जा. तीन आणि चार सेकंदांचे ते थेंब आता वेगळे काढता येणार नाहीत, सगळं एकच धो-धो असेल. त्या दिवशी वाद्य पिशवीतच राहू द्या. पाईप लावा, कान बोटभर दूर धरा आणि षड्ज अजून तिथेच आहे का ते बघा.